शाईच्या रेषा

“नंदाखाल गावची माझी जिजाकाकी,” हितेश माईकमध्ये म्हणाला. “गळ्याचा कॅन्सर. रेडिएशनची लाइट चालू केली. पण लाइटने चांगल्या पेशी पण जळतात ना? आपल्या अँटिऑक्सिडंट गोळ्यांनी काकीच्या पेशींना कवच घातलं. आज काकी एकदम ओके.”

गोळ्यांच्या विक्रीसभेसाठी घेतलेल्या विरारच्या त्या हॉलमध्ये टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत बसलेल्या जिजाची कानशिलं तापली. काल मुंबईच्या डॉक्टरांना तिच्या नवऱ्याने, हरेश्वरने, गोळ्यांची बाटली दाखवली, तेव्हा ते चिडलेच होते. हे कवच चांगली पेशी, रोगट पेशी असं पाहून बसत नाही, कदाचित रोगालाच जपेल, लाइट संपेपर्यंत गोळ्या बंद, असं त्यांनी बजावलं होतं. तोवर दोन बाटल्या पोटात गेल्या होत्या. तेच सांगायला दोघं आज पुतण्याकडे आली, तर “नंतर बोलू काकी,” म्हणत त्याने त्यांना खुर्चीत बसवलं होतं.

“फक्त बरं वाटतं म्हण,” माईक देताना तो कुजबुजला.

जिजाने गळ्याभोवतीचा पदर सोडला. काळवंडलेल्या कातडीवर जांभळ्या शाईच्या रेषा होत्या.

“लाइट कुठं मारायची त्याच्या ह्या खुना. लाइट संपेस्तवर ह्यांना पानी लावायचं नाय. माझी अजून संपली नाय. मग मी बरी कधी झाली रे, हितेश?”

हितेशने माईक परत घ्यायला हात पुढे केला.

“काकी, घरचं घरी बोलू ना. पर्सनल आहे ते.”

“पर्सनल होतं तर तुझ्या पत्रकावर माझा फोटो कशाला छापलास?” तिचा आवाज चिरकला, पण थांबला नाही. “डाक्टरानं गोल्या बंद केल्यात. कवच रोगाला पन बसेल म्हनाला. तुमच्यात कोनाची लाइट चालू असेल तर आधी डाक्टरला इचारा.”

मागच्या रांगेतल्या एका बाईने मांडीवरची बाटली हळूच खुर्चीखाली ठेवली.

“चल गो,” हरेश्वर म्हणाला.

बाहेर पायरीवर जिजा बसली. हॉलमधल्या उकाड्याने गळ्यावर घाम डवरला होता आणि एक रेष ओघळू पाहत होती. पुसायची सोय नव्हती. हरेश्वरने खिशातून हितेशचं जाहिरातीचं पत्रक काढलं, उलगडलं आणि तिच्याच हसऱ्या फोटोने तिच्या गळ्याला वारा घालू लागला. अगदी हळू, शाईला धक्का लागू नये म्हणून.