पहिला कप

"अगा, पाणी उकळू दे ना! थंड्याच पाण्यात पत्ती टाकून राहिला," दारात उभी असलेली मदतनीस पुष्पाबाई हसली. "घरी कधी चुलीजवळ बसला नाही वाटते?"

इंद्रकुमारही हसला. सालेकशाकडचा तो दांडगा माणूस स्टोव्हपुढे उकिडवा बसून ओशाळला होता, आणि त्याला तसा पाहून समुपदेशक अल्काबाईंना समाधान वाटत होते.

गोंदियातील त्या समुपदेशन केंद्रात ही रीत त्यांनीच घातली होती. समेटपत्रावर सह्या झाल्या की नवऱ्याने स्वतः चहा करावा आणि पहिला कप बायकोच्या हाती द्यावा. रीतीच्या समर्थनार्थ त्यांच्यापाशी युक्तिवादही तयार असे: ज्या हाताने मारले त्याच हाताने सेवा घडली, तर हाताची खोड मोडते. नऊ वर्षांत कितीतरी जोडपी तो चहा पिऊन आपापल्या गावी परतली होती. ती तिथे कशी नांदली, हे मात्र त्या युक्तिवादात कुठे येत नसे.

शामकला स्टुलावर बसली होती. पंधरा दिवसांपूर्वी ती एकटीच आली होती, सुजलेले उजवे मनगट पदरात गुंडाळून. "बाई, मले वापस नोका धाडू. इथीच ठेवा. भांडे घाशीन, झाडू मारीन." अल्काबाईंनी तिला संसाराच्या चार गोष्टी सांगितल्या होत्या आणि नवऱ्याला बोलावणे धाडले होते. आज त्यांनी त्याच्यादेखत विचारले, "काय शामकला, जातेस ना?"

तिने एकदा त्याच्याकडे पाहिले. "तुमी म्हणाल तसं."

अल्काबाईंनी तो होकार म्हणून लिहून घेतला.

"घे ना वं," इंद्रकुमारने कप पुढे केला. तिने तो डाव्या हाताने घेतला.

जोडपे गाडी गाठायला गेल्यावर पुष्पाबाईने खिडकीतला कप उचलला. तो काठोकाठ भरलेला होता; वर साय धरली होती.

"बाई, तिनं चाय पेलीच नाही."

"साखर जास्त पडली असेल," अल्काबाई म्हणाल्या, आणि फायलीत शेवटची ओळ लिहिली: दोघांनी चहा घेतला. समेट.

अठराव्या दिवशी हवालदार ती फाईल मागायला आला. इंद्रकुमारने डोक्यात काठी घातली होती. दवाखान्यात पोचण्याआधीच शामकला गेली होती.

हवालदाराने शेवटचे पान वाचले. "चाय-गिय घेतली म्हन्ता. मंग त राजीखुशीनंच गेली असन."

"नाही. तिनं चहा घेतला नव्हता," अल्काबाई म्हणाल्या. "मी पाहिलं होतं. तसं लिहून घ्या."

"त्यानं काय फरक पडते, मॅडम?"

अल्काबाईंनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. "लिहून घ्या."

पुढच्या मंगळवारी कुणी टेकचंद बायकोला घेऊन आला. खुर्चीवर टेकण्याआधीच त्याने बाह्या सारल्या. "चाय मीच बनवतो ना जी? आमच्या गावात समद्यायले मालूम आहे."

"तुम्ही बाहेर बसा."

"काऊन?"

"बसा म्हटलं ना."

दार लावून अल्काबाईंनी त्याच्या बायकोला, डिंपलला, विचारले, "तुला जायचं आहे?"

डिंपलने बंद दाराकडे पाहिले. "तुमी म्हणाल तसं."

अल्काबाईंनी पेनला टोपण लावले. "मी काही म्हणत नाही, बाई. तू म्हण."

बाहेरून टेकचंदची हाक आली, "गाडीचा टाइम होऊन राहिला जी!" अल्काबाई उठल्या, आपली खुर्ची ओढत दारापाशी नेली आणि दाराला पाठ लावून डिंपलसमोर बसल्या.

स्टेशनाकडून शिटी ऐकू आली. गाडी गेली. दोघी तशाच बसून राहिल्या.