गॅलरीने म्हणायची ओळ

कंबरेला हात लावणाऱ्याच्या कानाखाली वाजवायची, हा हेटी अ‍ॅशवर्थचा स्टेजवर चढल्यापासूनचा शिरस्ता. पण लंडनच्या नामांकित ग्रामोफोन कंपनीशी तिचा करार झाला आणि पहिल्याच सकाळी मिस्टर टिब्ज नावाच्या किडकिडीत गृहस्थाने तिला मागून दोन्ही हातांनी धरलं. त्याचा पगारच त्यासाठी होता. भिंतीतून बाहेर आलेल्या भल्यामोठ्या कर्ण्यासमोर गायचं. सूर खाली गेला की टिब्ज पुढे ढकलणार, वर चढला की मागे ओढणार, नाहीतर भिंतीपलीकडे मेणाच्या तबकडीवरची सुई उडणार.

“हे असलं नको म्हणून तर मी लग्न केलं नाही,” हेटी म्हणाली, “आणि तुम्ही फुकटात हक्क गाजवताय!”

“फुकटात कुठे, मिस? घरी बायकोचं ऐकून घ्यावं लागतं,” टिब्ज म्हणाला. बँडवाले खिदळले.

हेटीही हसली, पण तिचं मन दुसरीकडेच होतं. ओल्डहॅमला तिचे वडील होते, ईनॉक अ‍ॅशवर्थ. आयुष्यभर गिरणीत राबलेला माणूस, चॅपलमधला सगळ्यात खर्जातला आवाज आणि पक्का हेकट. पोरगी म्युझिक हॉलमध्ये, म्हणजे हसवणुकीच्या गाण्यांच्या थिएटरात, गायला लागली तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, “त्या दारात मी पाऊल ठेवणार नाही.” आणि ठेवलं नाही. ती घरी गेली की हवापाण्याच्या गप्पा व्हायच्या, गाण्याचा विषय निघत नसे. अर्धं इंग्लंड तिचं गाणं गुणगुणत होतं आणि जन्मदात्याने त्यातली एक ओळ ऐकली नव्हती. याचं तिला फार वाईट वाटे. आता मात्र शेजारच्या मिसेस लम्बनी ग्रामोफोन घेतला होता. ग्रामोफोनला दार नसतं. रेकॉर्ड निघाली, तर बाबांना काय कारण उरलं?

गाणं तिचं नेहमीचंच. बायको नवऱ्याला मासा आणायला बाजारात धाडते आणि हा बहाद्दर मासा सोडून सगळं घेऊन येतो. टोपी काय, पोपट काय, शेवटी तर सासू! दर खेपेला बायको विचारते, ‘मासा कुठाय?’ शेवटच्या खेपेला मात्र ही ओळ हेटी म्हणत नसे. ती नुसते हात पसरायची आणि गॅलरीतली स्वस्त तिकिटांची जनता ती एकसुरात ओरडून छप्पर उडवायची.

भिंतीतला झरोका उघडून रेकॉर्डिंगवाले मिस्टर पार्जिटर म्हणाले, “मेणाच्या तीन तबकड्या तापवल्यात, बाई. दुपारी दुसरे गायक येताहेत. त्याआधी जमलं तर ठीक, नाहीतर कराराचं मला काही सांगता येत नाही.”

पहिल्या मेणावर हेटीने सवयीने गॅलरीकडे म्हणून मान वळवली आणि अर्धा आवाज खिडकीबाहेर गेला. दुसऱ्यावर ती झकास गायली. अगदी शेवटी तिने हात पसरले, बँड थांबला, आणि ती वाट बघत राहिली. कोणी काही बोलेना. ट्रॉम्बोनवाला छताकडे बघत बसला. मग बँडने कसाबसा शेवट केला.

झरोका धाडकन उघडला. “बाई, शेवटची ओळ?”

“ती लोक म्हणतात.”

“कुठले लोक?”

हेटीने खोलीभर पाहिलं. “अगं बाई!” ती म्हणाली.

तिसऱ्या वेळी पार्जिटरांनी टिब्जला बजावलं की ती ओळ आली की हळूच चिमटा काढून आठवण करून द्या. टिब्जने इमानेइतबारे काढला. हेटी अशी किंचाळली की भिंतीपलीकडे सुई उडाली. मेणं संपली.

त्यानंतर ग्लासगोच्या दौऱ्यावर असताना हेटीला कळलं, की कंपनीने रेकॉर्ड काढली आहे, आणि काढली आहे ती दुसऱ्या मेणावरची! पार्जिटरांच्या मते आवाज त्यातच बरा उतरला होता. हेटीच्या पायाखालची जमीन सरकली. बाबा पहिल्यांदा ऐकणार, ते हे असं, मधेच भोक पडलेलं? म्हणतील, पोरीला धड गाणंही पुरं करता येत नाही. शनिवारचा खेळ टाकून तिने सरळ ओल्डहॅमची गाडी धरली.

उशीर झालाच होता. मिसेस लम्बनी ग्रामोफोन उचलून बाबांच्याच स्वयंपाकघरात आणला होता. तिचाच आवाज बाहेर गल्लीत ऐकू येत होता. टोपी झाली, पोपट झाला. हेटी उघड्या दारात खिळून उभी राहिली. आत बाबा पाठमोरे बसले होते, रविवारी चॅपलमध्ये बसावं तसे ताठ.

सासू आली. बँड थांबला. ती भयंकर शांतता सुरू झाली आणि हेटीने डोळे मिटून घेतले.

“मासा कुठाय?”

कपाटातल्या बशा थरथरल्या. चॅपलचा तो खर्ज दुसऱ्या कोणाचा असणंच शक्य नव्हतं. मिसेस लम्ब हसून लोटपोट झाल्या. भरल्या थिएटरच्या आरोळ्या हेटीने रोज झेलल्या होत्या, पण ही एक कधी आली नव्हती. ती दारातच रडायला लागली.

बाबांनी वळून पाहिलं. कानापर्यंत लाल झाले.

“तिथे काय उभी? ये आत,” ते म्हणाले. मग घसा खाकरून, तिच्याकडे न बघता, “मिसेस लम्ब, परत लावा ते. मला जरा उशीर झाला.”