आईकडची चौकशी

“सात पिढ्या सांगते, एकही बहिरा नाही!” बाळाची आजी कडाडली. “अब्दुल-मौला, त्याचा बाप हस्सान, त्याचा…”

“बापाकडचं राहू दे हाज्जा,” रूहिया नर्स म्हणाली. “आईकडचं सांग.”

“आईकडचं कोण कशाला लक्षात ठेवेल?”

इजिप्तमधल्या किना शहराजवळच्या त्या खेड्यात खरंच कुणी ठेवत नसे. रूहियालाही हा प्रश्न गेल्या वर्षीच्या प्रशिक्षणात कळला होता. जंतूच्या पोटात प्रथिनं बनवणारं यंत्र असतं. डॉक्टरांनी बाळाला लिहून दिलेलं इंजेक्शन त्यात अडकून बसतं, प्रथिनं नीट बनेनाशी होतात आणि जंतू मरतो. काही घरांत मात्र माणसाच्या कानातलं यंत्रही जंतूसारखंच निघतं, आणि ते येतं फक्त आईकडून. मग एका सुईने कान कायमचे जातात.

आठ दिवसांचं बाळ तापाने फणफणलं होतं. त्याची आई नग्वा मान वर करेना. दाराशी तिची आई टोपली घेऊन गप्प बसलेली.

रूहियाने हाज्जाला केसपेपर आणायला पिटाळलं आणि नग्वाच्या आईच्या पाठीमागे स्टीलचा ट्रे दाणकन आपटला. बाळ दचकून रडलं. बाई ढिम्म.

“हकीमा, कुणाला बोलू नका हो!” नग्वा नर्सपुढे रडायलाच लागली. “दोन बहिणी लग्नाच्या आहेत माझ्या.”

“कधीपासून?”

“मी पोटात असताना मोठा ताप आला होता. सुयांनी आई वाचली, पण कान गेले. आम्ही कुणाला कळू दिलं नाही.”

“कुठे घेतल्या सुया?”

“इथेच.”

बावीस वर्षांपूर्वी इथे एकच नर्स होती. रूहियाने आधी आणलेलं इंजेक्शन बाजूला सारलं. मग तिने डॉक्टरांकडून औषध बदलून आणलं आणि ते बाळाला टोचलं.

“काय निघालं गं?” हाज्जाने परत येताच विचारलं.

“काही नाही. ते औषध जरा कडक होतं, दुसरं दिलंय.”

निघताना नग्वाच्या आईने रूहियाचा हात घट्ट धरला. “हाच तो हात!” ती सगळ्या दवाखान्याला ऐकू जाईल अशी ओरडली. “पोरीसकट वाचवलं मला!” तिने टोपलीतली उन्हात पीठ फुगवून भाजलेली भाकरी त्या हातावर ठेवली.

“माफ कर गं मला,” रूहिया म्हणाली.

बाईने हसून मान डोलावली आणि आणखी एक भाकरी ठेवली.