हिरव्या कोटावरचं नाव

सोमवारी सकाळी सुचेता कडोलकर ग्रंथालयात आली तेव्हा तिच्या टेबलावर प्लास्टिकच्या पिशवीत एक कोट ठेवलेला होता. गडद हिरवा. खिशावर पिवळ्या दोऱ्याने इंग्रजीत नाव भरलं होतं : सुचेता अक्का.

असे कोट शाळेत आधीपासून होते. फरशी पुसणाऱ्या, लहान मुलांना बाथरूमला नेणाऱ्या, बसमध्ये मुलं चढवणाऱ्या बायका ते घालत. शिक्षकांना निळा ब्लेझर होता, आणि त्यावर कुणाचंच नाव भरलेलं नव्हतं. ज्यांना कुणीही हाक मारून बोलवायचं, त्यांच्याच छातीवर नाव लागतं.

कानडी महानगराच्या टोकाला, हेब्बाळच्या पुढची ही शाळा एका ख्रिस्ती संस्थेची. आंतरराष्ट्रीय म्हणवणारी, आणि होतीही. एकेका वर्गात कोरियन, जर्मन, नायजेरियन मुलं, आणि पुण्या-मुंबईहून आलेल्या आयटीवाल्यांची तर कितीतरी. सुचेताने धारवाडहून ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली होती. ती आली तेव्हा इथे पुस्तकं रंगांनुसार लावलेली होती, लाल शेजारी लाल. ती सगळी उतरवून तिने विषयवार लावली आणि शाळेला ग्रंथालय करून दिलं.

अक्का ही मात्र तिची स्वतःची चूक. निपाणीकडच्या माणसाकडूनच व्हावी अशी. पहिल्या दिवशीच्या प्रार्थनेला प्राचार्या मिसेस लोबोंनी विचारलं होतं, "मुलांनी तुम्हाला काय म्हणायचं?" आणि ही हसून म्हणाली होती, "अक्का म्हणा." तिच्या घरी अक्का म्हणजे थोरली बहीण. तिची थोरली अक्का एकदा ओरडली की अख्खी गल्ली गप्प बसायची. शहरात बनशंकरीला ती राहत होती तिथेही दुकानदारापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे अक्का म्हणत, आणि त्यात मानच असायचा. पण अशा इंग्रजी शाळांमध्ये हिरव्या कोटातल्या बायकांनाच अक्का म्हणतात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी दोन शिक्षिकांनी एकमेकींकडे का पाहिलं, हे तिला हळूहळू कळत गेलं. कुणी वाचनाच्या तासाला मुलांचे डबे तिच्याकडे देऊन जाई. कुणी ओली चड्डी बदलायला सांगे. गेल्याच आठवड्यात पालकभेटीला आलेली अश्लेषा नावाच्या एका विद्यार्थिनीची आई लेकीला म्हणाली होती, "अगं, बॅग त्या अक्कांकडे दे ना, त्या आहेत कशाला? पुस्तक तू स्वतःच सिलेक्ट कर हं, त्यांना काय कळणार." समोरच्या बाईला मराठी येत असेल, हे तिच्या गावीही नव्हतं.

सुचेताने तेव्हा बॅग धरली होती. आता तिने कोट उचलला आणि थेट ऑफिसात गेली.

ऑफिस सांभाळणारी भार्गवी फोनवर होती. गुरुवारी परदेशी मंडळाची समिती येणार होती. शाळेची मान्यता टिकते की जाते, ते त्या समितीवर होतं. भार्गवीने फोन खाली ठेवायच्या आत सुचेताने कोट टेबलावर टाकला.

"हे काय?"

"युनिफॉर्म. गुरुवारी सगळ्या सपोर्ट स्टाफने घालायचाय."

"मी ग्रंथपाल आहे."

"हो, पण मुलं अक्का म्हणतात ना तुम्हाला? सगळ्या अक्का सपोर्टमध्येच येतात." भार्गवीने आवाज खाली आणला. "स्वल्प अ‍ॅडजस्ट करा हो. एका दिवसाचा प्रश्न आहे. ग्रंथालयात समितीला मिसेस सुझन भेटतील."

मिसेस सुझन म्हणजे पाद्र्यांची पत्नी. बुधवारी येऊन लहान मुलांना बायबलच्या गोष्टी वाचून दाखवायच्या. स्वभावाने गोड, उच्चार परदेशी.

"आणि ग्रंथपालाची पात्रता? ती कुणाची दाखवणार?"

"तुमची डिग्री फाइलमध्ये लावलीय ना," भार्गवी म्हणाली. आपण काय बोललो हे तिच्या लक्षात आलं असावं, कारण तिने लगेच पुन्हा फोन उचलला.

म्हणजे पदवी तिची, खुर्ची सुझनबाईंची आणि कोट तिला. सुचेताची कानशिलं तापली. तिने कोट काखेत मारला आणि प्राचार्यांच्या दारावर टकटक केली.

मिसेस लोबोंनी शांतपणे ऐकून घेतलं. त्या मंगळूरच्या, मऊ बोलणाऱ्या. शाळेत त्या कुणावर ओरडल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. ओरडायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती.

"सुचेता, यात अपमान कुठे आहे?" त्या म्हणाल्या. "प्रभूने शिष्यांचे पाय धुतले. सेवेपेक्षा मोठं काही नाही. तुम्हाला एक कोट जड होतो?"

"त्यांनी धुतले, मॅडम," सुचेता म्हणाली. "स्वतः धुतले. आपण खुर्चीत बसून दुसऱ्याला नाही सांगितलं धुवायला."

मिसेस लोबोंचा चेहरा हलला नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला. "गुरुवारी कोट घालून या," त्या म्हणाल्या. "नाहीतर येऊ नका. नंतरचं नंतर पाहू."

ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत ठकुबाई बादली भरत होती. ती अथणीकडची, शाळेत सुचेताशी मराठी बोलणारी एकटीच. सुचेताने कोट कोपऱ्यात भिरकावला.

"मी काय अक्का आहे, ठकुबाई? यांच्या फरशा पुसायला आलेय मी इथं?"

ठकुबाईने नळ बंद केला. "मग मी कोण गं?"

सुचेताने तिच्याकडे वळून पाहिलं.

"फरशा पुसायला मी आलीया. ह्यो कोट मी रोज घालती. तवा न्हाई आला तुला राग. आज तुझ्या अंगावर आला म्हणताना आला." ठकुबाईने स्वतःच्या खिशाकडे बोट केलं. तिथे इंग्रजीत 'टाकू अक्का' भरलं होतं. "ह्ये काय लिवलंय, तूच वाचून दावलंस की मला. आणि हसलीस."

हसली होती. ते आठवून सुचेताला आधी लाज वाटली, मग लोबोंचा राग आला, आणि मग दोन्हीची अशी गुंतवळ झाली की कुठला धागा कुणाचा ते कळेना.

"माझं चुकलं," ती म्हणाली.

"चुकलं तर चुकलं. सरक, पाय भिजतील," ठकुबाई म्हणाली आणि पोछा मारायला लागली.

गुरुवारी सुचेता साध्या सुती साडीत आली. कोट घातला नव्हता. फाटकावरच्या पहारेकऱ्याने तिच्या साडीकडे पाहिलं, पण अडवलं नाही. किल्ली तिच्याकडेच असायची. तिने ग्रंथालय उघडलं, खिडक्या उघडल्या, परत आलेली पुस्तकं जागेवर लावली. मिसेस सुझन आल्या आणि अवघडून तिच्या खुर्चीत बसल्या. "मला खरंच माहीत नव्हतं, डिअर," त्या पुटपुटल्या. सुचेताने त्यांना उठवलं नाही. दुसरी खुर्ची ओढून ती शेजारी बसली.

समिती आली. दोन गोरे पुरुष आणि एक उंच, करड्या केसांची बाई. मागे मिसेस लोबो. सुचेताची साडी पाहताच त्यांचं हसू जागच्या जागी थिजलं. नेमकी तेव्हाच अश्लेषाच्या वर्गाची रांग आत शिरली. रांगेतून सुटून अश्लेषा धावत आली ती थेट सुचेताकडे.

"अक्का! माझं व्हेलचं पुस्तक आलं?"

दारात बादली घेऊन उभ्या असलेल्या ठकुबाईनेही मान वळवली. सवयीने.

करड्या केसांच्या बाईने ठकुबाईच्या कोटावरचं नाव वाचून भुवया उंचावल्या. "अक्का? म्हणजे मदतनीस?"

"येस, आमच्या एक..." मिसेस लोबोंनी सुरुवात केली.

"अक्का म्हणजे थोरली बहीण," सुचेता उभी राहून म्हणाली. तिच्या आवाजात कंप होता आणि तो लपवायचा तिने प्रयत्न केला नाही. "मी या शाळेची ग्रंथपाल. सुचेता कडोलकर. तुमच्या फाइलमध्ये जी पदवी आहे ती माझी आहे. मला आज कोट घालून ये, नाहीतर येऊ नको म्हणून सांगितलं होतं. आणि त्या दारातल्या, त्याही अक्का. त्यांचं नाव ठकुबाई. कोटावर चुकीचं लिहिलंय."

मिसेस सुझन खुर्चीतून उठल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. करड्या केसांच्या बाईने सुचेताला तिच्या नावाचं स्पेलिंग विचारलं आणि लिहून घेतलं. ठकुबाईचं मात्र कुणी विचारलं नाही.

समिती पुढे गेल्यावर ठकुबाई तणतणत आत आली. "मला कशाला मधी घेतलीस? तू बोलून मोकळी झालीस. उद्या बोलणी मला बसतील."



मान्यता टिकली. शुक्रवारी मिसेस लोबोंनी सुचेताला बोलावलं नाही. प्रार्थनेत त्या मऊ आवाजात म्हणाल्या, की ग्रंथपालांना मुलांनी यापुढे 'सुचेता मॅम' म्हणायचं, आदर ही आपल्या शाळेची शिकवण आहे. टाळ्या झाल्या. हिरव्या कोटातल्या बायका मागच्या ओळीत उभ्या होत्या. त्यांच्याबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत.

सुचेताला जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि सोमवारपेक्षा तिला आज जास्त राग आला होता. लोबोबाईंनी 'अक्का' हा शब्द धुऊन स्वच्छ केला नव्हता. तिला तेवढं त्यातून उचलून बाजूला ठेवलं होतं, शब्द होता तिथेच ठेवून.

दुसऱ्या तासाला अश्लेषा आली आणि शिकवल्यासारखी थांबून म्हणाली, "गुड मॉर्निंग, सुचेता मॅम."

"मला अक्काच म्हण," सुचेता म्हणाली.

"पण आमच्या वर्गाच्या मॅडमनी सांगितलंय, अक्का म्हणजे क्लीनिंगवाल्या."

"मॅडमनी विचारलं तर सांग, सुचेता अक्काने सांगितलं. आणि त्यांना घेऊन ये माझ्याकडे."

मुलगी गोंधळून पुस्तकांच्या मागे पळाली. दाराशी बसून फरशी घासणारी ठकुबाई हे सगळं ऐकत होती. तिच्या हातातलं फडकं हिरवं होतं, आणि त्यावरची पिवळी अक्षरं आता निम्मी उसवली होती.

"हा माझा कोट?" सुचेताने विचारलं.

"कोपऱ्यात पडला हुता." ठकुबाईने तो बादलीत बुडवून पिळला आणि वैतागून झटकला. "कशाचं कापड शिवलंय मेल्यांनी. पाणीसुदिक पीत न्हाई."