झटका दिला म्हणून

मी एक जुनी कपॅसिटरची पेटी आहे. जुनी म्हणजे टाकाऊ नव्हे, हे आधी ध्यानात घ्या, मित्रांनो.

पापुद्र्यासारख्या पातळ पट्ट्या गुंडाळून एका कारखान्यात मला घडवलं. सौंसरच्या दुकानातून मी मोहगावजवळ कमलबाईंच्या संत्र्याच्या बागेत आले आणि विहिरीवरच्या मोटारीशेजारी बसले. मोटारीला पाणी उपसायला वीज लागते, तशी अंगातलं चुंबक जागवायलाही लागते. ही दुसरी वीज खर्च होत नाही, नुसती येरझारा घालते. ती मी जवळच्या जवळ पुरवायची, म्हणून तारेवर आणि खांबावरच्या डीपीवर, म्हणजे साऱ्या मोटारींना वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर, भार कमी पडायचा. कमलबाई सांगत, "आमची मोटार कशी गुमान चालते!" कौतुक सारं मोटारीचं. माझं नाव कुणी घेतलं?

एकदा त्यांचा मुलगा प्रफुल्ल बटन बंद करून लगेच माझी धूळ पुसायला आला. मी अजून विजेनं भरलेली होते. बसला झटका!

"बटन बंद हाये तरी पकडते व माय! हे पेटी आपला करंट पिऊन राहिली!"

"काढून फेक तिले," कमलबाई म्हणाल्या.

मी पिते? मी? फेकलं मला खताच्या पोत्यांवर! वर पोरानं गावभर डंका पिटला, तर शेजाऱ्यांनीही आपापल्या मोटारींवरच्या माझ्या बहिणी उपटल्या. आता प्रत्येक मोटार सारी वीज डीपीकडूनच ओढू लागली. व्होल्टेज पडलं, मोटारी घुमू लागल्या, तापल्या, आणि भर उन्हाळ्यात डीपी जळाली. झाडांवर लिंबाएवढी फळं आणि पाण्याचा थेंब नाही. खाली रोज हिरवा सडा.

वायरमन योगेश आला. "काकू, पेटी कोणं काढली?"

"आमच्या शहाण्यानं. झटका देत होती."

"बंद केल्यावर जराक वेळ भरलेली राह्यते ते. दम नाई धरवला? साऱ्यायनं काढल्या, डीपी एकटी किती ओढन?"

नवी डीपी बसली, मलाही जोडलं. तोवर अर्धी बाग गळाली होती. कमलबाई ओंजळभर गळालेली फळं घेऊन शेजारी नत्थूजींच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर गेल्या.

"नत्थूजी, हे पाहा आपल्या दोघायच्या अकलेची फळं! आजच्या आज पेटी जोडा!"

मित्रांनो, मी झटका देते, खरं आहे. बटन बंद केल्यावर थांबा, वायरमनला बोलवा, मग हात लावा. पण माझ्या धाकानं मला उपटून फेकाल, तर झाडं तुम्हाला जाब विचारतील.