जिन्याने आडवं उतरलेलं मशीन

नळ्यांमधली शाई पंपाने काढून घेतली, मशीन बंद करायचं बटण दाबलं आणि मी जिना पुन्हा एकदा मोजायला गेले. फलक आणि नकाशे छापणारं हे मशीन नऊ वर्षं पहिल्या मजल्यावर होतं. आता दुकान दोन गल्ल्या पलीकडे, तळमजल्यावर जाणार होतं. दुकान माझं आणि माझ्या मोठ्या जाऊबाईंचं. त्या गिऱ्हाइकं सांभाळतात, मी मशीन.

परत आले तर पंखा थांबलेला. जाऊबाई पर्स काखेत मारून तयार.

"ताई, मशीनचा हिरवा दिवा विझला होता का?"

"कुठला दिवा? तू बटण दाबलंस, मी मेन स्विच बंद केला. निघताना रोज करते तसा."

रोज त्या निघतात तेव्हा मशीन बंद होऊन तास उलटलेला असतो. आज दोन मिनिटंही झाली नव्हती. बंद होताना छपाईचं हेड सरकत उजव्या टोकाला जातं आणि खालून रबरी झाकण वर येऊन त्याचं तोंड घट्ट मिटतं. मी मशीनवरची काच उचलली. हेड वाटेतच अडकलेलं, उघड्या तोंडाचं. असंच उचललं तर ते दोन्ही कडांवर आपटणार होतं. नुसतं ठेवलं तरी अर्ध्या तासात छिद्रांतली शाई सुकणार. आणि या मॉडेलचं हेड आता कोणीच बनवत नाही. हेड गेलं की मशीन भंगारात आणि दुकानाला कुलूप.

"मग लाव ना परत चालू!"

"चालू होताच ते शाई ओढतं. नळ्या रिकाम्या आहेत. हवा ओढेल आणि हेड कायमचं जाईल. नळ्या भरत बसले तर तोवर छिद्रं सुकतील."

जाऊबाईंनी पर्स खाली टाकली. "माझे हात तोडले पाहिजेत."

"ते नंतर. आधी त्या हातांनी टॉर्च धरा."

मी उजवीकडचं आवरण काढलं. आत एक पांढरं दातेरी चाक आहे. झाकण साफ करताना मी ते कितीतरी वेळा बोटाने फिरवलं होतं: आपल्याकडे फिरवलं की झाकण खाली, पलीकडे फिरवलं की वर. आत्ता झाकण अर्धवट वर होतं. तसंच हेड सरकवलं असतं तर हेडचा तळ खरवडला गेला असता. आधी झाकण पूर्ण खाली घेतलं. त्याच्या रबरावर सफाईच्या द्रवाचे पाच थेंब सोडले. मग हेडला हात न लावता त्याला जोडलेला मागचा पट्टा चिमटीत धरून ओढू लागले, बोटभर, पुन्हा बोटभर. जाऊबाई टॉर्चचा उजेड हेडवर धरून होत्या.

"श्वास घ्या, ताई."

"तू घेतेयस का?"

घेत नव्हते. हेड टोकाला टेकलं. चाक पलीकडे फिरवलं. साडेसहा फेऱ्यांनी झाकण घट्ट बसलं. वरून लोखंडी पट्टी लावून स्क्रू आवळला आणि पट्टी हलवून पाहिली. तसूभर हलेना.

तेवढ्यात मुकादम तीन गड्यांना घेऊन आला. गड्यांनी मशीन स्टँडवरून उतरवल्यावर तो म्हणाला, "हे वळणावर आडवं जायचं नाही, बाई. उभं करू."

"उभं केलं तर तळाच्या स्पंजात मुरलेली जुनी शाई सगळीकडे पसरेल."

"मग भिंत पाडू?"

मी त्याला मशीनच्या मापाचा पुठ्ठ्याचा खोका दाखवला. सकाळी तो घेऊन मी तीनदा जिना उतरले होते. कंबरेच्या उंचीवर तो कठड्याला अडायचा. कठड्याच्या वरून नेला की चार बोटं जागा ठेवून वळायचा.

"खोका रिकामा होता, बाई. हा रेडा आहे."

"म्हणून तर तुम्हाला बोलावलं."

मुकादम हसला आणि त्याने बाह्या सरसावल्या.

अर्धी भरलेली पाण्याची बाटली मी मशीनवर आडवी चिकटवली. खालचे दोघे मशीन खांद्यावर घेणार, वरचे दोघे गुडघ्यांत वाकणार, म्हणजे उतारावरही ते सपाट राहील. पाण्याकडे लक्ष ठेवायला जाऊबाई स्वतःहून पुढे झाल्या. उलट्या पावलांनी उतरत त्या ओरडत होत्या, "डावं वर! अजून! बास! अरे बास म्हटलं ना!"

"आमची सासूसुद्धा इतकी ओरडत नाही," मुकादम धापा टाकत म्हणाला.

"बोलू नका, पाणी हलतंय!"

वळणावर चार बोटं नव्हे, तीनच उरली. पण उरली. शेवटच्या पायरीपर्यंत बाटलीतलं पाणी एका रेषेत होतं.

नव्या जागेत मशीन स्टँडवर बसवलं, चारही पाय समतल केले. पट्टी काढली, नळ्यांत शाई भरली आणि चाचणीचा कागद छापला. निळ्या रंगाच्या तीन रेषा तुटक होत्या. मी मशीनला एकदा हेड साफ करायला लावलं आणि पुन्हा छापलं. भिंग घेऊन आठही रंग तपासले, निळा दोनदा.

"एकही रेष तुटलेली नाही."

जाऊबाईंनी मला अशी मिठी मारली की भिंग हातातून सुटलं. काम केव्हाच संपलेलं असूनही मुकादम आणि त्याचे गडी दारात थांबले होते. त्यांनी टाळ्याच वाजवल्या.

"आता काहीतरी मोठं काढा, बाई. आम्हाला बघू द्या."

जाऊबाईंनी नद्यांचा नकाशा निवडला, पूर्ण रुंदीचा. हेड या टोकापासून त्या टोकापर्यंत धावू लागलं आणि सहा माणसांसमोर, डोंगरातल्या उगमापासून, निळी नदी खाली उतरू लागली.