घाटातला कर्मणी प्रयोग

सगळा घोळ झाला तो पहिल्याच गावात, किल्ल्याच्या दरवाजासमोर. आमच्या बसमधल्या शिवणवाल्या बाईंचा स्कार्फ वाऱ्याने उडाला आणि त्या ओरडल्या, "अहो!"

आता भर चौकात कुणी बाई "अहो" म्हणून ओरडली की काय होतं? बसमधले जेवढे म्हणून नवरे होते तेवढे एकदम वळले. त्यात नवल काही नाही, ती सवयच असते. नवल हे की माझे सासरे, म्हणजे बाबाही, वळले. पायाशी येऊन पडलेला स्कार्फ त्यांनी उचलला आणि अगदी घरच्या आवाजात म्हणाले, "काय गं?"

गं! ओळख होऊन जेमतेम दोन घाट ओलांडले होते आणि हे गं! आधी टूर मॅनेजर फिस्सकन हसला आणि त्याच्यामागे अख्खी बस हसली. बाबा लालबुंद, बाई त्यांच्याहून लालबुंद, आणि स्कार्फ दोघांच्या मध्ये लोंबकळतोय, घ्यायला कुणी तयार नाही. शेवटी मीच तो घेतला आणि बाईंच्या गळ्यात टाकला. मॅनेजरने वर खुलासा केला की एवढ्या उंचीवर हवा विरळ असते, माणसाला उगाचच हसू येतं. असेलही. पण मी बाबांकडे बघत होते, आणि सासूबाई गेल्यानंतर हा माणूस असा लाजलेला मी पाहिला नव्हता.

बाबांनी आयुष्यभर घाटात बस चालवली. ते निवृत्त झाले, पण त्यांचा उजवा पाय काही निवृत्त झालेला नाही. दुसरा कुणी गाडी चालवत असला की प्रत्येक वळणावर ते पायाखालचा नसलेला ब्रेक दाबतात. घरीही तेच. मी गॅस मोठा केला की ब्रेक, माझ्या नवऱ्याने टीव्हीचा आवाज वाढवला की ब्रेक. जीव लावावा असा माणूस आहे, पण दिवसभर समोर बसून ब्रेक दाबायला लागला की माझं डोकं फिरतं. म्हणून मीच हट्टाने ही सहल ठरवली. म्हटलं, डोंगरातली जुनी गावं बघू, राजवाडे बघू, त्यांच्या पायालाही जरा काम मिळेल.

शिवणवाल्या बाई पलीकडच्या सीटवर होत्या. लग्न केलेलं नाही, जन्मभर ब्लाउज शिवले आणि पोरींना शिवायला शिकवलं. पहिल्याच घाटात बाबांचा पाय सुरू झाला तेव्हा मी खजील होऊन म्हणाले, "बाबा, जरा पाय आवरा, लोक बघतायत." तर बाई पलीकडून म्हणाल्या, "दाबू द्या हो. ते दाबतात तेव्हा मलाही बरं वाटतं."

एवढ्यावर कोणीही विरघळेल. बाबा तर विरघळलेच.

पण वेळ थोडा होता. शेवटच्या गावात बाईंची भाची राहते. शिवणाचा क्लास बंद करून, मशीन विकून, बाई कायमच्या तिच्याकडे निघाल्या होत्या, तिची जुळी सांभाळायला. म्हणजे बस परत फिरेल तेव्हा ती सीट रिकामी असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी मी बाबांना गाठलं.

"बाबा, मनात आहे ना?"

ते पाव चहात बुडवत होते. पाव तुटून तळाला गेला तरी बोटं कपातच. "आहे," ते म्हणाले.

"मग विचारून टाका."

"कसं विचारू, सूनबाई? हाक काय मारू? 'अहो बाई' म्हणालो तर शाळेत शिरल्यासारखं वाटतं. आणि परत तोंडातून 'गं' गेलं तर मी दरीत उडी घेईन."

"दऱ्या भरपूर आहेत इथे," मी म्हणाले, "पण आधी विचारा."

दुसऱ्या गावाच्या वाटेवर पाहिलं, तर बाईंचीही तीच पंचाईत. 'अहो' म्हणायची चोरी झालेली. दोघांनी मिळून भाषेतून कर्ताच हाकलून दिला.

"खिडकी जरा लावली गेली तर बरं होईल," बाई समोरच्या सीटला म्हणाल्या.

"लावली जाईल," बाबा खिडकीला म्हणाले.

"सकाळची गोळी घेतली गेली का?"

"घेतली गेली."

"पाण्याबरोबर?"

"पाण्याबरोबरच घेतली गेली."

मी शाळेत व्याकरण शिकवते. कर्मणी प्रयोग म्हटलं की पोरं जांभया द्यायला लागतात. इथे दोन म्हातारी माणसं भर घाटात कर्मणी प्रयोग करत होती आणि कानापर्यंत लाल होत होती. मागच्या सीटवर तोंडात रुमाल कोंबून मी इतकी हसले की बस कुठल्या कड्यावरून चाललीय तेही कळलं नाही. थोड्याच वेळात अख्ख्या बसला ती लागण झाली. मॅनेजर माईकवरून म्हणाला, "आता राजवाडा बघितला जाईल. सगळ्यांकडून उतरलं जावं."

राजवाड्यात लांबच लांब दालनं, प्रत्येक भिंतीवर सोनेरी चौकटीत कुणीतरी राजघराण्यातलं. एका राणीच्या चित्रासमोर बाई थांबल्या. डोळे बारीक करून म्हणाल्या, "हिचा मुंढा चुकलाय. हात वर केला की बाही उसवणार. म्हणून बिचारी सगळ्या चित्रांत हात मांडीवर ठेवून बसलीय."

बाबा तिच्याच पुढच्या चित्राकडे धावले. तिथेही हात मांडीवर. त्याच्या पुढच्या चित्रातही. मग त्यांना जे हसू फुटलं ते काही केल्या थांबेना. पहारेकरी बोट ओठावर ठेवून आला, तर बाई त्याच्या गणवेशाचा खांदा बघायला लागल्या आणि बाबांना भिंतीला टेकावं लागलं. हसू ओसरलं तसा त्यांनी श्वास घेतला, छाती पुढे काढली. मला वाटलं, झालं, आता विचारतायत.

"एक विचारलं जायचं होतं," बाबा म्हणाले.

"विचारलं जावं," बाई म्हणाल्या.

आणि मॅनेजरने शिट्टी वाजवली. त्या शिट्टीचं मी काय केलं असतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तिसऱ्या गावासाठी मी पक्कं नियोजन केलं. दोन टेकड्यांवर वसलेलं गाव, मधून रोपवे जातो, पाळणा लहानसा आणि वर बोलायला निवांत. रांगेत मी कोपर मारून जागा केली, बाबांना आत ढकललं, बाईंना आत ढकललं आणि हुश्श म्हणणार, एवढ्यात माझा नवरा मोबाईल उंचावून मला ओलांडून गेला आणि दोघांच्या मधोमध जाऊन बसला. दार लागलं. पाळणा कौलारू छपरांवरून डुलत डुलत निघाला. नवरा काचेतून मला हात करत होता.

पलीकडच्या टोकाला मी त्याला धरलाच. "अरे माठ्या! सगळ्या बसला कळलंय, तुला एकट्याला कळत नाही? मोबाईलमधून डोकं वर काढ की जरा!"

"काय कळायचंय?"

"तुझ्या बाबांना लग्न करायचंय!"

बोलून गेले आणि मग लक्षात आलं, गेलेली ती त्याची आई, आणि मी रस्त्यात उभी राहून हे असं फेकलं. त्याने मोबाईल माझ्यासमोर धरला आणि एकेक व्हिडिओ दाखवत गेला. किल्ला म्हणून जे शूट केलं होतं त्यात किल्ला नव्हताच, बाबा हसत होते. राजवाड्यात बाबा हसत होते, पाळण्यातही हसत होते, बाईंना बोटाने एक छप्पर दाखवत.

"आई गेल्यापासून हसलेच नव्हते गं," तो म्हणाला. "मी तेवढंच घेत होतो. तू समजतेस तेवढा माठ नाही मी." मग नाक पुसून म्हणाला, "पण पाळण्यात नको होतं बसायला, नाही का?"

मला तो त्या क्षणी फार आवडला. तसं मी त्याला सांगितलंही, भर रस्त्यात, आणि पलीकडून येणाऱ्या शाळेच्या पोरी खिदळल्या.

शेवटचं गाव सगळ्यात उंचावर. गल्ल्या इतक्या चढाच्या की पुढच्याच्या टाचा आपल्या नाकासमोर. डोंगराच्या शेंड्यावर घंटेचा मनोरा, आणि त्याच्या दारापासून खालच्या चौकापर्यंत झिजून गुळगुळीत झालेल्या रुंद दगडी पायऱ्या. चौकात बाईंची भाची गाडी घेऊन येणार होती. त्याआधी मनोरा बघायचा, एवढंच उरलं होतं. बाबा आणि बाई जिना चढायला लागले तसं मी नवऱ्याला म्हटलं, आता वर कुणाला जाऊ द्यायचं नाही. तो मनोऱ्याच्या दारात आडवा उभा राहिला आणि घोळक्याला मोबाईलवर किल्ल्याचे व्हिडिओ दाखवायला लागला.

मी स्वतः मात्र मागोमाग गेले. जाणारच! अख्ख्या जन्माचे घाट बाबांनी पायाखाली घातलेले, पण हातात स्टिअरिंग नसताना खाली बघितलं की त्यांना गरगरतं हे मला माहीत होतं. वर पोचले तर ते घंटेखाली जमिनीवर बसलेले, आणि बाई शेजारी बसून स्कार्फने त्यांना वारा घालतायत. मी जिन्याच्या वळणावर श्वास रोखून थांबले.

"गरगरलं जातंय का?"

"वरून नाही गरगरत," बाबा म्हणाले. "विचारायचं आहे म्हणून गरगरतंय. विचारलं गेलं तर राग येईल का?"

"कुणाला?"

"इकडे. शेजारी."

"विचारलं गेल्याशिवाय कसं कळणार?"

बाबांनी डोळे मिटले आणि पायाने जोरात ब्रेक दाबला. "लग्न," ते म्हणाले. एवढंच. कर्ता नाही, क्रियापद नाही, काही नाही.

खालून गाडीचा हॉर्न वाजला. बाई उठल्या. साडीवरची धूळ झटकली. "सांगितलं जाईल," म्हणाल्या, आणि माझ्या अंगावरून मला न बघता जिना उतरून गेल्या.

सांगितलं जाईल! कधी? जुळ्यांच्या मुंजी झाल्यावर? मला धावत जाऊन त्यांना धरावंसं वाटलं, आणि बाबांचा चेहरा बघून पाऊल उचलवेना. ते घंटेकडे बघत बसले होते. "जाऊ दे, सूनबाई," म्हणाले. "विचारलं हे बरं झालं." आवाज अगदी शहाणा होता आणि मला रडू येत होतं. मग त्यांनी कठड्यातून खाली पाहिलं. चौकात भाचीने गाडीची डिकी उघडली होती. बाबा उठले, आणि ज्या माणसाने आयुष्यात कधी ब्रेकवरचा पाय काढला नाही तो माणूस धडाधडा जिना उतरत सुटला. मी मागून "बाबा, बाबा" करत. दारातून नवऱ्याला बाजूला सारून ते बाहेर पडले आणि त्या गुळगुळीत पायऱ्या दोन-दोन करत खाली निघाले.

चौकातून बाईंनी मान वर केली.

"अरे!" त्या ओरडल्या. "अरे, हळू! पडशील ना!"

बाबा जागच्या जागी थांबले, एक पाय खाली, एक वर.

"मला अहो-जाहो जमायचं नाही," बाई खालूनच म्हणाल्या, कमरेवर हात ठेवून. "जन्मभर गिऱ्हाइकांना अहो-जाहो केलंय. घरात नको."

"घरात?" भाची म्हणाली. "मावशी, कुणाच्या घरात?"

"ती बॅग परत बसमध्ये टाक आधी. सांगते."

बसवाले टाळ्या काय वाजवत होते, शिट्ट्या काय मारत होते, मॅनेजर तर चौकात गोल गोल फिरत होता. मी धापा टाकत बाबांपाशी पोचले. ते पायरीवर बसले होते, डोळे भरलेले आणि तोंडभर हसू. या माणसाला काका म्हणणारे, साहेब म्हणणारे पुष्कळ. सासूबाई 'अहो' म्हणायच्या, मी 'बाबा' म्हणते. 'अरे' म्हणणारी त्यांची आई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"ऐकलंस का गं?" ते म्हणाले. "मला 'अरे' म्हणाली."